उलटी टाच

प्रभाकररावांनी तीन छापील चिठ्ठ्या माझ्यापुढे सरकवल्या. टीममध्ये तीन नवे खेळाडू घेतले आहेत, तीन आठवडे त्यांना पाहा आणि प्रत्येकाच्या चिठ्ठीवर लिहून द्या, ठेवायचा की परत धाडायचा, असं त्यांनी सांगितलं.

प्रभाकरराव आमच्या गिरणीचे भांडारप्रमुख आणि फुटबॉल टीमचे सेक्रेटरी. जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही, पण बोलायला लागले की वाटावं, साहेब लोक खेळ शिकले ते यांच्याकडूनच. मी साचेखात्यात जॉबर होतो, म्हणजे कापड विणणारे चोवीस साचे माझ्या देखरेखीखाली चालत. टीमचा जुना डावा बॅकही मीच. गुडघ्यानं दगा दिल्यापासून नव्या पोरांची पारख माझ्या गळ्यात पडली होती, आणि खरं सांगायचं तर मला ते काम आवडायचं. दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि वर मानही मिळवायचा, असं काम फुकट मिळत नाही.

सत्तावन्न साल होतं. संक्रांत होऊन गेली होती आणि होळीनंतर कपाचे सामने होते. पहिली चिठ्ठी कामठीच्या गोलकीपरची, दुसरी राजनांदगावच्या सेंटर फॉरवर्डची. तिसरी मी डोळ्यांजवळ धरून तीनदा वाचली. प्रेमदास, वय एकोणीस, डावा बॅक, धर्म बौद्ध, गाव बोरखेडी, देवळीजवळ. प्रभाकररावांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, चष्मा लागणार बहुतेक.

भीतीचं कारण आधीच सांगून टाकतो. माझं नाव वासुदेव नव्हतं. माझं नाव कवडू, आणि माझंही गाव बोरखेडीच.

आम्ही महार. गावात कुणी मेलं की मयताची खबर नातेवाइकांच्या गावोगाव नेणं हे आमचं काम. सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात पाटलाचा मुलगा वासुदेव पटकीनं गेला आणि खबर न्यायला मला पिटाळलं. पाच गावं केली. प्रत्येक गावात लांब उभं राहून तेच ओरडायचं, बोरखेडीचा वासुदेव गेला. पाचव्या गावाहून परत फिरायचं ते मी फिरलो नाही. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पाय दुखत होते, रागही आला होता, आणि दोन कोसांवर गिरणीची चिमणी दिसत होती. तिकडेच चालत गेलो, तर मैदानावर खेळ चालला होता. चेंडू रेषेबाहेर माझ्याकडे आला, मी तो थोपवून परत मारला, आणि साचेखात्याचा तेव्हाचा जॉबर धावतच माझ्याजवळ आला. त्याला डावा बॅक हवा होता. त्यानं नाव विचारलं. दिवसभर जे तोंडात होतं तेच बाहेर पडलं. गाव विचारलं तेव्हा मात्र मी शुद्धीवर होतो. म्हटलं, अमरावतीकडचा.

आमच्या गिरणीत खेळाडूला नेहमी साचेखात्यातच घेत, कारण तिथली पहिली पाळी तीनला सुटते आणि मैदानावर यायला वेळ मिळतो. आणि साचेखात्यात आमच्या लोकांना घेत नसत. साच्यात धोटा इकडून तिकडे पळतो आणि सूत सोडत जातो. सूत संपलं की धोट्यात नवी कांडी बसवायची. मग धोट्याच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं, त्याला तोंड लावून श्वास आत ओढायचा, की सुताचं टोक बाहेर येतं. दिवसातून शेकडो वेळा हे करावं लागतं. एका साच्यावर दोन पाळ्यांची दोन माणसं, पण धोटे तेच. म्हणून आमचे लोक गाठी उचलायला चालत, सूतकताईत चालत, साच्यावर नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, लिहायची कुणाला गरजच पडली नव्हती.

अकरा वर्षं मी त्या धोट्यांना तोंड लावत होतो. लग्न केलं नाही, कारण लग्न म्हटलं की गाव, सोयरे, कूळ सगळं निघतं. मनकर्णाबाईच्या खानावळीत माझं ठरलेलं पितळी ताट होतं. माझी माय धुरपता बोरखेडीतच होती. एकदा देवळीच्या बाजारात ती लांबून दिसली, तेव्हा मी कापडाच्या दुकानाआड उभा राहिलो आणि ती गेल्यावरच बाहेर आलो. असा माणूस मी.

आणि आता बोरखेडीचा पोरगा येत होता, ज्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं की वासुदेव मेला.

पहिल्या दिवशी तिघांना रांगेत उभं केलं. माझी पारखायची पद्धत साधी होती. गोल किती करतो ते मी बघत नसे. चेंडू उंच उडवायचो आणि तो खाली येईपर्यंत पोरगा काय करतो ते पाहायचो. नुसता वर बघत राहिला तर तो कच्चा. एकदा वर बघून मग आजूबाजूची माणसं पाहून घेतली तर त्याच्याकडून काहीतरी होईल. कामठीचा गोलकीपर चांगला होता. राजनांदगावच्याला पाय होते आणि अक्कल नव्हती, पण सेंटर फॉरवर्डला तेवढं चालतं.

प्रेमदास बारीक, काळासावळा, लांब मानेचा. त्यानं मला नमस्कार केला आणि माझ्या तोंडाकडे सरळ पाहिलं. मी गाव सोडलं तेव्हा तो आठ वर्षांचा असणार. आमच्या गल्लीत भिंतीवर बसलेली पोरं मला आठवत होती, पण त्यांतलं हे कोणतं, ते सांगता येईना. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मी जरा मोकळा श्वास घेतला.

तो श्वास फार वेळ टिकला नाही. राजनांदगावच्यानं लांब मारलेला चेंडू डाव्या रेषेकडे चालला. प्रेमदास त्याच्या मागं पळाला, त्याला ओलांडून पुढे गेला आणि मागं न बघता त्यानं डावी टाच उलटी टाकून रेषेच्या दोन बोटं अलीकडून चेंडू आत ओढून घेतला.

ही टाच फक्त बोरखेडीच्या महारवाड्यात होती. लढाईवरून परतलेला एक शिपाई आमच्याकडे कातडी चेंडू घेऊन आला होता. आमची गल्ली उताराची, आणि उताराच्या शेवटी पाटलाची विहीर. चेंडू विहिरीच्या आवारात गेला की संपलं. तिकडे पाऊल टाकायचं नाही, आणि मागायला गेलं तर शिव्या. म्हणून चेंडू गल्लीच्या तोंडाशी थोपवायचा, काहीही करून. वळून मारायला जागाच नसे. तेव्हा त्याच्या पुढे पळायचं आणि टाचेनं मागं ओढायचं. मी त्यात सगळ्यांत तरबेज होतो आणि इथं त्याच टाचेवर मला नोकरी मिळाली होती.

प्रभाकरराव खुर्चीवरून उठले. एरवी त्यांना ऑफसाइड समजावून सांगावा लागे, पण नको तेव्हा त्यांचं नेमकं लक्ष जायचं.

"वासुदेवराव, ही तर तुमचीच टाच," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाची मी आजवर पाहिली नाही."

मी म्हटलं, असतात अशा टाचा. जवळ रूपराव उभा होता, आमचा कॅप्टन. तो एकदा त्या पोराकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी खेळ संपल्यावर सगळे नळाशी पाणी पीत होते. प्रेमदास ओंजळ पुसून माझ्याकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"वस्ताद, तुमी आमच्या देवळीकडचे काय?"

नळाचं पाणी सांडत राहिलं. कुणीतरी तो बंद करावा, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"अमरावतीकडचा," मी खेकसलो. "काऊन?"

"काई नाई. टाच पाहून वाटलं. आमच्याकडं एका शिपायानं पलटनीतून आनली होती. तिकडं अमरावतीकडंबी कोनी आनली असन."

त्या संध्याकाळी मनकर्णाबाईनं वाढलेली भाजी मला गिळेना. पोरगा पाणी जोखतोय, असंच माझ्या मनानं घेतलं. आज चार माणसांत विचारलं, उद्या खडा टाकेल, परवा काहीतरी मागेल किंवा नुसताच हसून बोलून जाईल. खोट्या नावावर नोकरी केली म्हणून गिरणी बाहेर काढेल, चाळीतली खोली जाईल, आणि हे पितळी ताट मनकर्णाबाई चिंचेनं तीनदा घासून दुसऱ्याला देईल. ती समोर बसून विचारत होती की नव्या पोरांत तो देवळीकडचा कोण, तो जेवायला का येत नाही. मी म्हटलं, तो बौद्धपुऱ्यात कुणाकडे तरी उतरलाय. ती म्हणाली, मग बरं झालं, आणि मला आणखी एक भाकर वाढली.

त्या दिवसापासून मी त्याला पाडायच्या मागं लागलो. लाजिरवाणी गोष्ट आहे, पण झाली ती अशी. डाव्या पायाच्या पोराला उजव्या बाजूला खेळवलं. टाच वापरली तर मैदानाला दहा फेऱ्या, असा कायदा काढला. त्याला सर्वांत घट्ट बूट दिले. पण तो दुसऱ्या आठवड्यात उजव्या पायानंही नीट मारायला लागला, आणि फेऱ्यांनी त्याचा दम वाढला. मी त्याला मोडत होतो आणि तो घडत होता. रागानं माझं डोकं फुटायची पाळी आली, आणि रागाच्या खाली सारखी भीती. रात्री चाळीत कुणी देवळीचं नाव घेतलं तरी मी दचकून बघायचो.

तोवर साचेखात्यात कुजबुज सुरू झाली होती. परीक्षेचे तीन आठवडे प्रेमदास गाठींच्या गोदामात होता, पण टीममध्ये पक्का झाला की तो साच्यावर येणार हे सगळ्यांना कळत होतं. आजवर आमच्यातला कुणी खेळाडू घेतलाच नव्हता, म्हणून हा प्रश्न कधी आला नव्हता. आणि हा पोरगा काही लपवतही नव्हता. गेल्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा घेऊन आलो, असं विचारेल त्याला सांगायचा.

रूपराव वाईट माणूस नव्हता. बल्लारशाच्या सामन्यात माझा गुडघा निखळला तेव्हा स्टेशनापर्यंत मला पाठीवर घेऊन आला होता. तो एक दिवस माझ्या साच्यांमध्ये आला आणि कानाशी तोंड लावून बोलला, कारण तिथल्या आवाजात दुसरा इलाज नसतो.

"पोट्टा चांगला खेळते. मैदानात त्याले मी पास देईन. पन त्यानं तोंड लावलेला धोटा मी घेनार नाई. कोनीच घेनार नाई. साचे बंद पडतीन, सांगून ठेवतो."

हे प्रभाकररावांच्या कानावर गेलंच होतं. त्यांनी मला बोलावून दार लावून घेतलं. ते घाबरले होते आणि घाबरलेला माणूस जरा खरं बोलतो. म्हणाले, आता कायदा झालाय, जातीवरून नको असं कागदावर लिहिता येत नाही. घेतला तर साचे बंद, नाही घेतला तर कुणीतरी अर्ज करणार.

"तुम्ही एवढंच लिहा की खेळ कच्चा आहे," ते म्हणाले. "खेळातलं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. तुमच्या शब्दावर कोण शंका घेणार? कुणाला दोष नाही, कुणाची तक्रार नाही."

मी बरं म्हणालो. बाहेर आल्यावर मला हलकं वाटलं, ते लिहायला आजही जड जातं. मला जे हवं होतं तेच सगळी गिरणी माझ्याकडे मागत होती. शनिवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी चिठ्ठी भरली. खेळ कच्चा, परत पाठवावे. चिठ्ठीच्या तळाशी ‘ओळख देणाऱ्याची सही’ अशी ओळ होती, ती रिकामी ठेवली. परत जाणाऱ्याला ओळख कशाला लागते?

चिठ्ठी खिशात घालून तीन वाजता मैदानावर गेलो. पोराला आधी तोंडानं सांगावं, एवढी लाज शिल्लक होती. तो गोलच्या खांबापाशी बसून बूट काढत होता. टाचेला फोड येऊन फुटला होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी म्हटलं, तुझं काही जमेल असं वाटत नाही, गावाकडं जायची तयारी ठेव.

त्यानं मान वर केली. राग नव्हता. त्यानं एकदा चारी बाजूंना पाहून घेतलं, अगदी चेंडू वर असताना चांगला खेळाडू पाहतो तसं.

"कवडूदादा," तो म्हणाला, "तुमी माह्याच्यानं भेऊ नका."

मी खाली बसलो. तो सांगत गेला आणि मी ऐकत राहिलो. पहिल्याच दिवशी त्यानं मला ओळखलं होतं. प्रभाकरराव दोघांची टाच एक म्हणाले, रूपरावनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, तेव्हा त्याला धास्ती वाटली की आता कवडूदादाचं काही खरं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी नळाशी त्यानं तो प्रश्न विचारला होता आणि टाच शिपायानं आणल्याची थाप मारली होती.

"मुद्दाम सगळ्यायसमोर इचारलं. तुमी नाई म्हनानच, हे मले मालूम होतं. आता कोनी मले इचारलं त मी बी नाईच म्हनतो. दोघायचं एक झालं."

ज्या प्रश्नाच्या भीतीनं मी तीन आठवडे त्याचा जीव काढला होता, तो त्यानं माझ्यासाठी घातलेला बांध होता. मला त्याच्याकडे बघवेना. मी मायबद्दल विचारलं. आजी बरी आहे, म्हणाला, डोळ्यानं कमी दिसतं. तिला अजून काही सांगितलं नाही, कारण तिच्या पोटात गोष्ट राहत नाही. हे ऐकून मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि दोन्ही मी बाहीनं पुसलं.

मग काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, अजून चेंडू विहिरीकडं जातो का.

"जाते ना. आता पोट्टे सरळ जाऊन आनतात. बोंब होते, पन आनतात."

"मंग तू हे टाच काऊन शिकला?"

त्याला प्रश्नच कळला नसावा. जरा थांबून म्हणाला, "लहानपनी तुमची पाह्यलती. चांगली दिसे म्हनून."

मी चिठ्ठी फाडली. प्रभाकररावांकडून दुसरी मागून घेतली आणि त्यांच्या टेबलावरच लिहिली. डावा पाय उत्तम, उजवा चांगला, दम भरपूर, ठेवावा. ओळख देणाऱ्याच्या ओळीवर सही केली, वासुदेव. प्रभाकररावांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, साचे बंद पडले तर मी तुमचं नाव सांगेन. मी म्हटलं, सांगा. शूर झालो होतो असं कुणी समजू नये. रविवारभर मला तीन घासांवर जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी भोंगा झाला. नवा माणूस पहिला दिवस जॉबरच्या हाताखाली शिकतो, हा साचेखात्याचा रिवाज. मी प्रेमदासला माझ्या ओळीतल्या पहिल्या साच्यावर उभं केलं. धोट्यात कांडी कशी बसवायची ते दाखवलं. त्यानं धोटा हातात घेतला, एकदा माझ्याकडे पाहिलं, छिद्राला तोंड लावलं आणि श्वास ओढला. सूत पहिल्याच खेपेला बाहेर आलं.

समोरचा साचा थांबला, रूपरावचा. त्याच्या पलीकडचा थांबला. मग एकेक करत सगळी ओळ, आणि तिच्या मागची ओळ. साचेखात्यात माणूस माणसाशी हातवाऱ्यांनी बोलतो इतका आवाज असतो. अकरा वर्षांत मी तिथं शांतता ऐकली नव्हती. कान नुसते वाजत होते, आणि शेदीडशे माणसं आमच्याकडे पाहत होती. कुणी पुढं आलं नाही, कुणी शिवी दिली नाही. ती दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

प्रेमदासनं साचा चालू केला. दहा फेऱ्यांत सूत तुटलं. साचा थांबला आणि त्यानं धोटा काढून हातात धरला. जॉबरनं तो घ्यायचा, सूत ओढून द्यायचं आणि चूक दाखवायची, ही रीत. सगळ्यांना ती ठाऊक होती, आणि सगळे माझ्या हाताकडे बघत होते.

मी एवढा कधीच भ्यालो नव्हतो, पाटलापुढेही नाही आणि पटकीच्या साथीतही नाही. मनात आलं, दुसरा धोटा मागवावा. सुताचा दोष आहे म्हणावं. गुडघा धरून खाली बसावं. हे सगळं मनात येत असताना माझा हात पुढं गेला होता. मी धोटा घेतला, त्याच्या थुंकीनं ओल्या झालेल्या जागी तोंड लावलं आणि सूत ओढलं.

रूपराव दोन साच्यांमधून चालत आला. रागावलेला नव्हता. त्याच्या तोंडावर काहीतरी हरवल्यासारखं होतं.

"वासुदेवराव," त्यानं विचारलं, "तुमचं गाव कोनतं?"

मी तोंड उघडायच्या आत प्रेमदास बोलला. "वस्ताद अमरावतीकडचे हायेत. मीच इचारलं होतं त्यायले. सगळ्यायनं आयकलं."

बांध त्यानं पुन्हा घातला होता. मला त्याच्या आड नुसतं उभं राहायचं होतं. जॉबरनं नव्या माणसाला शिकवलं, एवढंच झालं असतं. चार दिवस बडबड, एखादं प्रायश्चित्त, मग कप, मग सगळे विसरले असते. पोरगा माझ्याकडे बघत नव्हता, रूपरावकडे बघत होता. एकोणीस वर्षांचं पोर त्या दीडशे माणसांपुढे एकटं उभं राहायला तयार होतं, आणि ते माझ्यासाठी.

"बोरखेडी," मी म्हणालो. "हा आन् मी एकाच गल्लीतले. वासुदेव मेला, रूपराव, त्याची खबर मीच पोहचवली. माह्यं नाव कवडू."

रूपरावनं तोंडावरून हात फिरवला, जणू अकरा वर्षांतला प्रत्येक धोटा त्याला त्या क्षणी आठवत होता, आणि आपल्या साच्याकडे परत गेला. साचा मात्र चालू केला नाही.

अर्ध्या तासानं प्रभाकरराव स्वतः साचेखात्यात आले. ते कधी येत नसत, धूळ सोसत नाही म्हणून. हातात प्रेमदासची चिठ्ठी होती. मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, पण डोळे माझ्यावर ठरत नव्हते. खोट्या नावाबद्दल वर कळवावं लागेल, म्हणाले, आणि माझं काय होईल ते सांगता येत नाही. आणि ओळख देणारा वासुदेव नावाचा माणूस जर नसेलच, तर ही चिठ्ठीही रद्द होते. पोराला परत जावं लागेल.

मी म्हटलं, द्या इकडं.

त्यांनी आवाज खाली आणला. "विचार करा. ही सही म्हणजे तुमच्या हातचा पुरावा होतो. मग मलाही काही करता येणार नाही." हे त्यांनी मनापासून सांगितलं, असं मला अजून वाटतं.

चिठ्ठी मी साच्यावर ठेवली, नुकत्याच विणलेल्या वीतभर कापडावर. त्यांच्या खिशातलं पेन घेऊन वासुदेव या नावावर रेघ मारली. खाली पेन टेकवलं तर सवयीनं हात पुन्हा तेच नाव काढायला निघाला. तो थांबवला. स्वतःचं नाव मी जन्मात कधी लिहिलं नव्हतं. लिहायला शिकलो तेव्हा दुसराच झालो होतो. एकेक अक्षर काढत गेलो, पोरं पाटीवर काढतात तसं, आणि मधेच पेन कागदावर अडकून शाई पसरली.

प्रभाकररावांनी कागद उजेडाकडे धरला आणि शाई पसरलीय, म्हणाले.

मी विचारलं, सही वाचता येते का.

येते, ते म्हणाले.